चौदावा भाग, छत्तिसावं मिनिट

धोटे सर गेले तेव्हा आमच्या मालिकेचा चौदावा भाग छत्तिसाव्या मिनिटावर थांबलेला होता. थांबवलेला सरांनीच. रिमोट कायम त्यांच्या हातात आणि अंगठा कायम त्या थांबवायच्या बटणावर. मंगळवारी सकाळी क्लिनिकमध्ये मी एका आजोबांचं ब्लडप्रेशर बघत होते आणि खिशातला फोन थरथरला. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराहून येऊन महिनाभर वडिलांपाशी राहिलेली त्यांची मुलगी अनू बोलत होती. ती एवढंच म्हणाली, "ताई, बाबा इज गॉन." त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते लिहायची लाज वाटते, पण सरांवरच्या लेखात तरी खोटं लिहू नये. मला राग आला. हे असे कसे गेले, मला अजून बोलायचं होतं... आणि दर पाच मिनिटांनी थांबवत बसले नसते तर दीड वर्षात ती मालिका तरी संपली असती.

शोकसभेत मला बोलायला उभं केलं. मी सरांच्या कंजूष हास्याबद्दल बोलले, त्यांच्या भयंकर ड्रायव्हिंगबद्दल बोलले, लोक हसले, डोळे पुसले, नंतर चार जणांनी येऊन छान बोललीस म्हणून सांगितलं. जे बोलायला हवं होतं तेवढं सोडून मी सगळं बोलले होते. ते काय, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. गेल्या मार्चमध्ये सरांच्या छातीचा एक्स-रे झाला होता. त्याचा रिपोर्ट त्यांनी मला पाठवला होता. मी तो धड वाचला नाही आणि सगळं ठीक आहे म्हणून कळवलं. हे सरांच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. सरांना मात्र माहीत होतं, आणि ते बोलले नाहीत. त्याचाच वैताग मी गेले कित्येक आठवडे घेऊन फिरते आहे.

डॉ. मनोहर धोटे मूळचे यवतमाळचे. शिकागोच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तीस वर्षं त्यांनी नवख्या डॉक्टरांना शिकवलं. मी अकोल्याहून रेसिडेन्सीला आले तेव्हा आपल्या भागातला माणूस दिसला म्हणून हरखून गेले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी तो आनंद संपवला. म्हणाले, "मराठी आहेस म्हणून सूट मिळेल असं समजू नको. उलट दुप्पट बोलणी खाशील, कारण तुला मला दोन भाषांत रागावता येतं." आणि हा शब्द त्यांनी शेवटपर्यंत पाळला. त्यांची एक पद्धत होती, तिने आमच्या सगळ्या बॅचला रडकुंडीला आणलं. प्रत्येकाच्या कोटाच्या खिशात पोस्टकार्डापेक्षा लहान अशी कोरी कार्डं असायची. पेशंटच्या खोलीत शिरण्याआधी सर दारातच सगळ्यांना थांबवायचे. आत गेल्यावर काय करशील, काय सांगशील, लिही. लिहायचं, कार्ड पालथं करून त्यांच्या हातात द्यायचं आणि मग आत जायचं. खोडाखोड चालत नसे. एकदा मी एक शब्द खोडला तर त्यांनी नवं कार्ड दिलं नाही, खोडलेल्या शब्दासकट तेच वर्षभर जपून ठेवलं. म्हणायचे, "बोललेलं माणूस फिरवतो. मला तसं म्हणायचंच नव्हतं, असं म्हणून मोकळा होतो. लिहिलेलं फिरत नाही." बाकीच्या टीम जेवायला निघालेल्या असायच्या आणि आम्ही अजून तिसऱ्या पेशंटच्या दारात उभे, पेनं शोधत.

त्याच वर्षी माझ्या हातून पहिली चूक झाली. एका बाईंना रक्त पातळ करायचं औषध मी दुप्पट लिहिलं. नर्सच्या लक्षात आलं, पण तोवर एक डोस गेला होता. बाईंना काहीही झालं नाही. सर म्हणाले, "आता त्यांच्या नवऱ्याला जाऊन सांग." मी म्हटलं, सर, काही झालंच नाहीये. तर म्हणाले, "म्हणून तर सोपं आहे. सोप्यावर शिकून घे." मग त्या कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या त्यांनी मला सांगितलं ते मी पुढे माझ्या हाताखालच्या प्रत्येक डॉक्टरला सांगत आले. उभ्याने सांगायचं नाही, बसून सांगायचं. हवापाण्याच्या गप्पा नाहीत, पहिल्याच वाक्यात चूक सांगायची. मग माफी मागायची. मग गप्प बसायचं, समोरचा कितीही बोलो. "आणि रडायचं नाही. तू रडलीस की त्या माणसाला तुझी समजूत काढत बसावं लागेल. आज ते त्याचं काम नाही." मी आत गेले, सर बाहेर दाराकडे पाठ करून उभे राहिले. तो नवरा दहा मिनिटं माझ्यावर ओरडला. बाहेर आले तेव्हा सरांनी आपल्या डब्यातला अर्धा मेथीचा पराठा माझ्या हातावर ठेवला आणि मी खात असताना माझं अक्षर किती वाईट आहे यावर व्याख्यान दिलं.

रिटायर झाल्यावर असा माणूस घरात काय करणार... त्यांच्या बायकोच्या, शैलाकाकूंच्या, डोक्याला ताप. काकूंना कोणीतरी सांगितलं की कोरियन मालिका आपल्यासारख्याच असतात, त्यात सासवा आहेत, आजारपणं आहेत आणि रडायला भरपूर आहे. त्यांनी नेमकी हॉस्पिटलची मालिका लावली. सर पाच मिनिटांत बाजूला येऊन बसले आणि दहाव्या मिनिटाला रिमोट त्यांच्याकडे गेला. अडचण एकच होती. खालच्या इंग्रजी ओळी भराभर जातात, काकूंना त्या वाचायचा कंटाळा, आणि सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन करून घ्या म्हटलं की पुढच्या वर्षी. आयुष्यभर पेशंटना पुढे ढकलू नका म्हणून झापणारा हा माणूस. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं काकू त्यांच्या तोंडावर म्हणायच्या आणि सर ऐकू न आल्यासारखं करायचे. तर मग वाचणार कोण? वृषाली वाचणार, म्हणजे मी. दीड वर्ष दर रविवारी दुपारी मी डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानांतून काकूंचा कढीपत्ता आणि सामान घ्यायचं, सरांच्या गल्लीत पार्किंगसाठी चार चकरा मारायच्या, आणि त्या दोघांच्या मधे सोफ्यावर बसून कोरियन माणसांचं बोलणं मराठीत बोलून दाखवायचं. माझ्या घरी माझा नवरा सुहास विचारायचा, तू डॉक्टर आहेस की कीर्तनकार.

त्यांची नावं आमच्या लक्षात राहीनात, म्हणून सरांनी बारसं केलं. मालिकेतला म्हातारा सर्जन, प्रोफेसर, तो तात्या. त्याच्या हाताखाली शिकणारी, सतत धडपडणारी तरुण डॉक्टर, ती बबी. तात्या चिडका, हुशार, कोणाचं न ऐकणारा. बबीला घालून पाडून बोलायचा आणि मग ती कॉरिडॉरमध्ये रडत बसली की तिच्याजवळ गरम सूपचा वाडगा ठेवून निघून जायचा. मला हा तात्या फार आवडायचा. कोणासारखा होता ते मी सरांना सांगितलं नाही. सरांना तो डोळ्यांसमोर नको व्हायचा. त्यांचा पहिला आक्षेप मास्क नाकाखाली असण्याला, दुसरा धावत्या स्ट्रेचरवर चढून छाती दाबण्याला, आणि मग खरे आक्षेप सुरू. थांबवायचे. या माणसाला ऑपरेशनबद्दल विचारलं कोणी? सही कुठे आहे? थांबवायचे. हे बबीने पेशंटला आधी सांगायला हवं होतं की तात्याला? खिशातून कार्डं निघायची. एक मला, एक त्यांना. लिहायचं, पालथं ठेवायचं, मग पुढचा प्रसंग बघायचा, मग उलटायचं. त्यावर भाग कितवा, मिनिट कितवं, हे घालायचं आणि टीव्हीखालच्या बुटांच्या खोक्यात टाकायचं. मी पंचेचाळीस वर्षांची बाई आहे, माझ्या हाताखाली सहा डॉक्टर काम करतात, आणि रविवारी दुपारी मी वर्गातल्या मुलीसारखी पेन चावत बसलेली. काकू म्हणायच्या, "अहो, त्या दोघांचं लग्न होतंय की नाही तेवढं तरी बघू द्या." एका रविवारी वीस मिनिटांच्या वर आम्ही कधी सरकलो नाही.

एका भागात एका आजीला कॅन्सर असतो आणि तिची मुलं डॉक्टरांना हात जोडून सांगतात, आईला कळू देऊ नका. काकू लगेच म्हणाल्या, बरोबरच आहे, उगाच कशाला तिला घोर. सरांनी थांबवलं, पण त्या दिवशी कार्ड काढलं नाही. त्यांनी सांगितलं की त्यांच्या स्वतःच्या आईला त्यांनी सुट्टीवर जाऊन गॅसचा त्रास आहे म्हणून सांगितलं होतं. आई चार महिने ओवा खात राहिली. शेवटच्या आठवड्यात म्हणाली, मन्या, तू एवढा शिकला अन् तुला साधा गॅस नाही कळत काय रे. "तिला कळलेलं होतं," सर म्हणाले. "मला सांगायची संधी देऊन राहिली होती बिचारी. मी नाही घेतली." मग बराच वेळ ती कोरियन आजी पडद्यावर तोंड अर्धं उघडं ठेवून थांबून राहिली. हे सगळं मी ऐकलं होतं. माझ्या दोन्ही कानांनी, सोफ्याच्या मधोमध बसून.

तात्यावरून मात्र आमची भांडणं व्हायची. बबीच्या हातून काही चुकलं की तात्या मधे पडायचा. फाइल आपल्या नावावर घ्यायचा, वरिष्ठांसमोर आपण मान खाली घालायचा. मी म्हणायचे, सर, याला म्हणतात गुरू. सर उखडायचे. "हा गुरू नाही, हा झाकण आहे. पोरीने काही सांडलं की हा वर जाऊन बसतो. अशाने ती कधी मोठीच होणार नाही. आणि पेशंटचं काय? त्याला कोणी सांगायचं?" मी म्हटलं, माया असते सर. तर म्हणाले, "माया घरी. हॉस्पिटलात आधी खरं." इतक्या ठामपणे म्हणाले की मी ते कार्डावर न लिहिताही लक्षात ठेवलं. पुढे ते त्यांना ऐकवायची वेळ आली तेव्हा माझी हिंमत झाली नाही.

आता तो मार्च. सरांना खोकला होता, एका क्लिनिकमध्ये एक्स-रे काढला. त्यांचे नेहमीचे डॉक्टर नोकरी सोडून गेलेले, नवे ठरायचे होते, कोणी फोन करून काही सांगितलं नाही. टपालाने पाकीट आलं, आत दोन पानं. सर स्वतःचा रिपोर्ट स्वतः कधीच वाचत नसत. मला जे हवं तेच मी त्यात वाचीन, असं त्यांचं म्हणणं, आणि आता तर डोळ्यांना बारीक अक्षर दिसतच नव्हतं. त्यांनी फोनवर फोटो काढले आणि मला पाठवले. आपल्या लोकांत हे असंच चालतं. ओळखीत एक डॉक्टर असला की सगळ्या गावाचे रिपोर्ट त्याच्या व्हॉट्सॲपवर, सुप्रभातच्या फुलांच्या आणि हळदीकुंकवाच्या आमंत्रणांच्या मधे. आणि आपणही नाही म्हणत नाही, दोन पेशंटच्या मधे उभ्या उभ्या बघतो, अंगठा दाखवतो. सरांनी तीन फोटो पाठवले होते. पहिला उघडला, पहिलं पान. दुसरा उघडला, पुन्हा पहिलंच पान, जरा तिरकं. तिसराही तेच असणार म्हणून मी उघडलाच नाही. लिहिलं, "सगळं ठीक आहे सर. मध-आलं घ्या." तिकडून अंगठा आला.

ऑक्टोबरमध्ये खोकल्यातून रक्त पडलं. मग सगळ्या तपासण्या झाल्या आणि फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, पसरलेला. कॅन्सरच्या डॉक्टरने जुना रिपोर्ट कॉम्प्युटरवर काढला आणि विचारलं, मार्चमध्ये इथे गाठ दिसते आहे, ताबडतोब सीटी स्कॅन करा असं लिहिलं आहे, हे कोणी वाचलं नाही का? हे मला अनूने फोनवर सांगितलं, चिडून, इंग्रजीत. बाबांनी म्हणे सांगितलं की पाकीट आलं होतं, मी उघडलंच नाही, ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. "ही इज अ डॉक्टर, ताई. हाउ कॅन ही नॉट ओपन इट?" मी हो हो करत राहिले. फोन ठेवला, व्हॉट्सॲप मार्चपर्यंत मागे नेलं आणि तिसरा फोटो उघडला. दुसरं पान. कोपऱ्यात सरांचा अंगठा आलेला, पण अक्षर न् अक्षर स्पष्ट... ती ओळ सगळ्यात खाली होती.

म्हणजे सर खोटं बोलले. माझ्यासाठी. ज्यांनी मला एका डोससाठी परक्या माणसासमोर बसवलं होतं, ते स्वतःच्या मुलीसमोर माझ्या चुकीवर झाकण होऊन बसले. मला तेव्हाच गाडी काढून जायला हवं होतं. मी गेले नाही. रविवारी गेले, कढीपत्ता घेऊन. म्हटलं, मालिका संपल्यावर बोलू. पुढच्या रविवारी म्हटलं, आज त्यांना केमोचा थकवा आहे. त्याच्या पुढच्या रविवारी अनू भेटायला आलेली होती. कारणांना काय तोटा. आणि सर कधी नव्हे इतके थांबवायला लागले. बबीने फोन उचलला की थांबव. बबी जिन्यात बसली की थांबव. हिच्या मनात काय चाललं असेल, वृषाली? मी म्हणायचे, सर, तिला भूक लागली असेल. ते हसायचेही नाहीत, पुढे लावायचे. मला तेव्हा इतका संताप यायचा. माहीत आहे ना तुम्हाला, मग विचारा की सरळ. रागवा. दोन भाषांत रागवा. पण नाही. सगळ्या जगाला सरळ बोलायला शिकवणारा माणूस रिमोट हातात धरून गप्प.

चौदाव्या भागात बबीच्या हातून ऑपरेशनमध्ये रक्तवाहिनी कापली जाते आणि पेशंट दगावतो. चौकशी बसते. लांब टेबल, पलीकडे पाच कोट घातलेले लोक, अलीकडे तात्या, मागच्या खुर्चीत बबी. ते विचारतात, हात कोणाचा होता? मी वाचून दाखवलं, "हात कोणाचा होता?" आणि सरांनी थांबवलं. छत्तीस मिनिटं. त्यांच्या हाताला आता कंप होता, तरी त्यांनी दोन कार्डं काढली. म्हणाले, "तात्या काय करेल ते नको लिहू. तात्याच्या जागी तू काय करशील ते पण नको. बबी काय करेल ते लिही." त्यांनी स्वतःचं लिहिलं, वेळ लागला, पालथं ठेवलं. मी पेन हातात धरून बसले. तेवढ्यात माझा फोन वाजला. हॉस्पिटलचा होता, आणि अजिबात तातडीचा नव्हता. एक सही उद्या चालली असती. मी म्हटलं, सर, जावं लागेल. कोरं कार्ड त्यांच्या कार्डाशेजारी पालथं ठेवलं आणि निघाले. ते म्हणाले, "जा. थांबवलेलं आहे, कुठे पळत नाही." मधला रविवार मी चुकवला. त्या रविवारनंतरचा दुसरा मंगळवार, आणि अनूचा फोन.

सुहासचं म्हणणं, तू त्यांची डॉक्टर नव्हतीसच, व्हॉट्सॲपवर कोण काय धरतं, आणि सर स्वतः बोलले नाहीत तर तू कशाला त्या बाईंच्या जिवाला नवीन घोर लावतेस. ऐकायला बरं वाटायचं. पण शोकसभेच्या दिवशी काकू माझा हात धरून म्हणाल्या होत्या, "ते पाकीट मी बघितलं होतं गं आलेलं. यांना दिसत नाही हे माहीत होतं मला. मी उघडलं असतं तर..." ऑक्टोबरपासून ही बाई माझी चूक स्वतःच्या पदरात घेऊन बसली होती, आणि मी तिच्या हातावर थोपटत होते. सरांनी मला वाचवायला जे झाकण ठेवलं, ते जाऊन पडलं काकूंवर. हे त्यांना दिसलं नसेल? एवढ्या हुशार माणसाला? का दिसत असूनही ते माझी वाट बघत राहिले, हे मला अजून धड कळलेलं नाही.

सहा आठवड्यांनी मी गेले. रविवार नव्हता, शनिवारची सकाळ होती. हातात काही नेलं नाही. काकूंनी दार उघडलं, चहा ठेवते म्हणाल्या, मी म्हटलं, काकू, आधी बसा. मी त्यांच्या समोर बसले. पहिल्याच वाक्यात सांगितलं. पाकीट सरांनी उघडलं होतं, रिपोर्ट मला पाठवला होता, शेवटचं पान मी वाचलं नाही आणि सगळं ठीक आहे म्हणून कळवलं. माफी मागितली. मग गप्प बसले. भिंतीवरचा टीव्ही बंद होता. काकू पहिलं म्हणाल्या, "म्हणजे त्यांनी उघडलं होतं." मग बोटांवर महिने मोजले, मार्च ते ऑक्टोबर. "तेव्हा कळलं असतं तर वाचले असते का?" मी म्हटलं, सांगता येत नाही काकू, कदाचित आणखी काही वर्षं मिळाली असती, नक्की मला माहीत नाही. त्यांनी विचारलं, "आणि तुला कळल्यावर तू किती दिवस येत होतीस इथे? माझ्या हातचं जेवून जात होतीस?" मी म्हटलं, ऑक्टोबरपासून. मी रडले नाही.

काकू उठून आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आतून भांड्यांचा आवाजही नाही. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. म्हणाल्या, "आज मी तुला जेव म्हणणार नाही." वीस वर्षांत त्या घरातून मी उपाशी पोटी कधी बाहेर पडले नव्हते. मी उठले, बूट घातले. तोवर त्यांनी टीव्हीसमोरच्या टेबलावरून, रिमोटखालून, एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "मी तेव्हाच वाचलं होतं. मला वाटलं मालिकेतलं आहे. हे तुझं असेल." मग दार लावण्याआधी म्हणाल्या, "उद्या ये. मला वाचून दाखवायला दुसरं कोण आहे."

गाडीत बसून मी ते वाचलं. भाग चौदा, मिनिट छत्तीस, हे वर कोपऱ्यात, नेहमीसारखं. खाली सरांचं अक्षर, मोतीबिंदूमुळे मोठं आणि ओळ सोडून खाली उतरलेलं. "बबी सांगेल. तात्याने आता मधे पडू नये. तो आधीच एकदा पडला, ती त्याची चूक." एवढंच. खोडाखोड नाही. मला पुन्हा भयंकर राग आला. किती खात्री असावी माणसाला... कशाच्या जोरावर? चार महिने तोंडाला कुलूप लावून बसलेली बाई समोर दिसत असताना लिहायचं, सांगेल. निदान बहुतेक तरी लिहायचं. गाडीत मात्र माझी समजूत काढायला कोणी नव्हतं, म्हणून तिथे मी रडून घेतलं.

अनूला मी त्याच दिवशी फोन केला. ती सगळं ऐकून म्हणाली, "आय नीड सम टाइम, ताई." त्यानंतर तिचा एकच मेसेज आला आहे, हे लिहू का म्हणून मी विचारलं होतं त्याचं उत्तर. लिही, पण स्वतःच्या नावाने लिही. काकूंनीही हो म्हटलं आहे.

दुसऱ्या दिवशी गेले. पार्किंग मिळेना, जी एक जागा दिसली तिथे बर्फ उपसून कोणीतरी जागा धरायला खुर्ची मांडून ठेवलेली. काकूंनी दार उघडलं, पानं वाढलेली होती. जेवलो. मग त्यांनी टीव्ही लावला. लांब टेबल, पाच कोट, तात्याची पाठ, आणि मागे खुर्चीत बबी, डोळे मिटताना थांबलेली. मी सवयीने मधे बसले, दोन्ही बाजूंना जागा सोडून. काकू सरांच्या जागी बसल्या, रिमोट घेतला, पण बटण दाबलं नाही. टेबलावरचं माझं पालथं कार्ड माझ्यापुढे सरकवलं आणि पेन दिलं. "तुझं राहिलंय," त्या म्हणाल्या. "आधी लिही."

मी लिहिलं, "सांगितलं. फार उशिरा सांगितलं." मग सरांचं कार्ड पर्समधून काढून टेबलावर ठेवलं, माझं पालथं करून त्यावर ठेवलं, आणि काकूंनी बटण दाबलं.